सरकत्या चेनचा कायमचा बंदोबस्त

माणसाची प्रतिष्ठा अनेक गोष्टींवर उभी असते, असं मोठी माणसं सांगतात. शिक्षण, वागणूक, दिलेला शब्द, घरी आलेल्याला पाणी विचारणं, वगैरे. सगळं खरंच आहे. पण या सगळ्याच्या खाली सुमारे सतरा सेंटिमीटर लांबीची, पितळी दातांची एक पट्टी असते, आणि ती जागेवर नसेल तर वरच्या यादीकडे कुणाचं लक्ष जात नाही. बटण तुटलं तर निदान आवाज होतो. शिवण उसवली तर वारा लागतो. चेन मात्र पूर्वसूचना न देता, कुणावरही ठपका न ठेवता, निमूटपणे आपलं पद सोडते. इतका निःस्वार्थीपणा हल्ली माणसांतही उरलेला नाही.

ही हकिगत वजनमापे तपासणी कार्यालयातल्या एका निरीक्षकांची आहे. सव्वीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू, वजनं, लिटरची मापं आणि कापडदुकानांतल्या मीटरपट्ट्या तपासल्या. कार्यालयात त्यांना 'मिलीमीटर' म्हणत, अर्थात त्यांच्या मागे. (समोर 'साहेब' म्हणत, पण तेही साडेपाचपर्यंतच.) ते दुकानात शिरले की तराजूचा काटा आपणहून मध्यावर येतो, अशी त्यांची ख्याती होती. घरातला साखरेचा चमचाही त्यांनी एकदा तपासून घेतला होता. चमचा नापास झाला. बायकोने तोच वापरायला ठेवला.

सव्वीस वर्षांत त्यांनी कशाची अपेक्षा केली नव्हती. एकच इच्छा होती. कार्यालयाच्या आतल्या खोलीत, काचेच्या हंडीखाली, मखमलीच्या तुकड्यावर मूळ किलो ठेवलेला होता. बाजारातल्या सगळ्या किलोंचा खरेपणा त्याच्यावरून ठरे. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. वर्षातून एकदा फक्त मुख्य निरीक्षक पांढरे हातमोजे घालून, चिमट्याने, श्वास रोखून तो उचलत. मिलीमीटरांनी हे दोनदा पाहिलं होतं, दाराच्या फटीतून. दोन्ही वेळा त्यांचे डोळे भरून आले होते. आता मुख्य निरीक्षक निवृत्त झाले होते, जागा रिकामी होती, आणि दहा दिवसांनी मुलाखत होती.

मुलाखतीला कार्यालयाची राखाडी पँट सक्तीची होती. त्यांच्याकडे अशा दोन होत्या. एक चार वर्षांपूर्वी आखूड झाली होती, रुंदीने. (चौकशीत पँटमध्ये दोष आढळला नाही.) राहिली एक. आणि हिची चेन टिकेना.

हे उघडकीला आलं एका मंगळवारी, संध्याकाळी, अकरा दुकानं तपासून ते घरी आले तेव्हा.

"अहो," बायको म्हणाली, "चेन."

त्यांनी खाली पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं, कारण नोंदीत वेळ लागते.

"कधीपासून असेल?"

"मला काय विचारता? बाजारात मी आले होते का तुमच्याबरोबर?"

"सकाळी निघताना नीट होती गं."

"सकाळी निघताना सगळंच नीट असतं हो."

निरीक्षक खुर्चीवर बसले आणि त्यांना एकेक आठवू लागलं. त्या दिवशी अकराच्या अकरा दुकानदार कधी नव्हे इतक्या अदबीने वागले होते. एकानेही नजरेला नजर दिली नव्हती. कुणी छताकडे पाहत होतं, कुणी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. निरीक्षकांना वाटलं होतं, आपला दरारा वाढला. सुक्या मेव्याच्या दुकानदाराला तर त्यांनी, "गिऱ्हाइकाच्या नजरेला काय पडतं याचं जरा भान ठेवत जा," असं वीस मिनिटं उभ्याउभ्या समजावलं होतं. "ठेवतो साहेब," असं म्हणून तो बदामांच्या पोत्याआड गेला होता, आणि पोतं बराच वेळ हलत होतं.

दुसरा कुणी असता तर खचला असता. निरीक्षकांनी मोजपट्टी काढली. मोजल्याशिवाय कशाचं दुःख करायचं नाही, हा त्यांचा नेम होता. चार दिवस त्यांनी चेनच्या घसरणीच्या रीतसर नोंदी घेतल्या. त्या अशा:

बसल्या जागी, काम नसताना: ताशी चार मिलीमीटर.
बसल्या जागी, काम असताना: कार्यालयात नोंद उपलब्ध होऊ शकली नाही.
जिना उतरताना: मजल्याला नऊ मिलीमीटर.
जिना चढताना: मजल्याला अकरा. (चढताना जास्त का, याचा खुलासा चेनकडून मिळाला नाही.)
शिंक आल्यास: एकवीस, एका दमात.
वरिष्ठ खोलीत आल्यावर उठून उभं राहताना: संपूर्ण.
घरी, कुणीही पाहत नसताना: शून्य.

यावरून निरीक्षकांनी निष्कर्ष काढला, की चेन आळशी नाही; तिला चार माणसांत मिसळायची ओढ आहे. जिन्याच्या नोंदी घेताना ते दर मजल्यावर थांबून, वाकून, पट्टी लावून पाहत. शेजारच्या आजोबांनी त्यांना या अवस्थेत दुसऱ्या मजल्यावर पाहिलं. आजोबा त्या दिवसापासून लिफ्टने जातात. लिफ्ट बंद असली तर जातच नाहीत.

मग उपाय सुरू झाले.

पहिल्यांदा शिंप्याकडे. शिंप्याने पँट हातात न घेताच सांगितलं, "रनर सैल झालाय. चेन बदलावी लागेल. पंधरा दिवसांनी या."

"पण कामाला किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटं."

"मग पंधरा दिवस कशाला?"

"साहेब," शिंपी दोरा दाताने तोडत म्हणाला, "पंधरा मिनिटं रिकामी मिळायला पंधरा दिवस लागतात."

मग त्यांनी कार्यालयात, एका मित्राच्या पँटचा प्रश्न आहे असं सांगून, चार लोकांना विचारलं. (चौघांनीही मित्राविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि छताकडे पाहिलं.) एकाने सांगितलं, मेणबत्ती घासा. निरीक्षकांनी अर्धी मेणबत्ती घासली. चेनला त्याचा फार उपयोग झाला. पूर्वी ती खाली येताना किंचित कुरकुरायची, आता तीही कुरकुर गेली. दुसऱ्याने रबराची शिफारस केली. रबराने साडेतीनपर्यंत इमानाने काम केलं आणि नंतर ते समोरच्या टेबलावर, लेखापालांच्या चहात मिळालं. तिसऱ्याने सेफ्टी पिन सुचवली. पिनेने चेन चांगली धरली. मग निरीक्षक वरिष्ठांना नमस्कार करायला वाकले, तेव्हा पिनेने त्यांनाही धरलं. वरिष्ठांना असा आर्त नमस्कार पूर्वी कुणी केला नव्हता. ते चार दिवस खुशीत होते.

चौथा फक्त म्हणाला, "मित्राला सांगा, शर्ट बाहेर काढ." पण शर्ट आत खोचणं हे नियम सातमध्ये होतं.

हे सगळं बायको पाहत होती. आठव्या दिवशी तिने किल्ल्यांच्या जुडग्यातली एक बारीक कडी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"ही चेनच्या टोकाच्या भोकात घाला. चेन वर ओढा. कडी बटणात अडकवा. वरून बटण लावा. दिसत नाही, पडत नाही."

"किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. सवय झाली की तेवढीही नाहीत."

निरीक्षकांनी कडी उलटसुलट करून पाहिली. "हे कुठे लिहिलंय?"

"लिहायचंय काय त्यात? माझ्या भावाची अशीच टिकली चार वर्षं."

"त्याची तपासणी कुणी केली होती?"

बायकोने कडी परत जुडग्यात घातली. ज्या गोष्टीला दोन मिनिटं लागतात आणि जी मेहुण्याला जमते, ती बरोबर कशी असेल, असं निरीक्षकांच्या मनात आलं. ते मनात ठेवण्याइतका त्यांचा संसार जुना होता.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी, एका किराणा दुकानाचा तराजू तपासताना, त्यांना उत्तर सापडलं. ते इतकी वर्षं त्यांच्या हातातच होतं.

या कार्यालयाची एक पद्धत आहे. जी वस्तू हलते, आणि हलली की लोकांचं नुकसान होतं, तिच्यावर विश्वास टाकायचा नाही. ती एकदा योग्य जागी आणायची, तिच्यातून तार ओवायची, तारेच्या टोकांवर शिशाचा मणी बसवायचा आणि तो पक्कडीने दाबून त्यावर कार्यालयाचा शिक्का उठवायचा. मग ती वस्तू वर्षभर हलत नाही. तराजूचा स्क्रू असो, पेट्रोलच्या पंपाचा काटा असो. सील लागलं की पाप संपलं. मग चेनने काय वेगळं पुण्य केलं आहे?

मुलाखतीच्या दिवशी सव्वादहाला ते शिक्केवाल्यांकडे गेले. शिक्केवाले म्हणजे कार्यालयातले सगळ्यात जुने गृहस्थ. तार, शिसं आणि पक्कड यांचा ताबा अडतीस वर्षं त्यांच्याकडे होता.

"सील मारायचंय," निरीक्षक म्हणाले.

"कशाला?"

"चेनला."

"तपासली?"

"नऊ दिवस."

"मग फॉर्म भरा."

यापलीकडे एक शब्द झाला नाही. कार्यालय चांगलं असलं की असं असतं.

निरीक्षकांनी फॉर्म भरला. वस्तूचा प्रकार: सरकतं साधन. कमाल वजन: लागू नाही. वापराचं ठिकाण: फिरतं. वस्तू जागेवरून हलवता येते का: होय, माणसासकट. शिक्केवाल्यांचे गुडघे वाकत नसल्यामुळे निरीक्षकांना तपासणीच्या टेबलावर उभं राहावं लागलं, जिथे एरवी तराजू उभे राहतात. रांगेत तीन व्यापारी आपापली वजनं घेऊन बसले होते. त्यांतला एक नंबर सोडून निघून गेला. तार चेनच्या टोकातून गेली, काजातून गेली, बटणाच्या देठाला दोन वेढे घालून परत आली. मणी बसला, पक्कड दाबली गेली, वर्ष आणि तिमाही उमटली. निरीक्षकांनी टेबलावरच पाच उठाबशा काढल्या. घसरण: शून्य. त्यांना इतकं हलकं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

"नियम ठाऊक आहे ना?" शिक्केवाले रजिस्टर मिटत म्हणाले. "सील तोडायचं तर सक्षम अधिकारी हवा, दोन साक्षीदार, आणि पंचनामा तीन प्रतींत. स्वतः तोडलं तर गुन्हा."

"मलाच सांगताय?" निरीक्षक हसून म्हणाले. शिक्केवाल्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि अर्ध्या दिवसाच्या रजेवर दात काढून घ्यायला गेले.

मुलाखत अकराला होती. ती बाराला ढकलली. मग दोनला. सात उमेदवार होते आणि निरीक्षकांचा नंबर सातवा. दर वेळी उशीर झाला की समितीतर्फे दिलगिरी म्हणून चहा येई. चहा आणणाऱ्या बाई मोठ्या प्रेमळ होत्या.

"घ्या हो, मुलाखतीला घसा ओला असलेला बरा."

पहिला कप निरीक्षकांनी आनंदाने घेतला. दुसरा सवयीने. तिसरा भिडेखातर. मग एक ग्लास पाणी, मग सरबत, कारण उशीर आता चहाने भागण्यासारखा राहिला नव्हता. तीन वाजून दहा मिनिटांनी, चौथा कप हातात असताना, निरीक्षकांचा चेहरा एकदम गंभीर झाला. चेन खाली येऊ नये, या प्रश्नाचा नऊ दिवस इतका बारकाईने विचार झाला होता, की ती अधूनमधून खाली यावीही लागते, हा मुद्दा टिपणीतून राहून गेला होता.

कपात उरलेला चहा त्यांनी कुंडीत ओतला आणि घरी फोन लावला.

"अगं, जरा विचारायचं होतं. तार जर..."

"कसली तार?"

त्यांनी सांगितलं. पलीकडून तोंडावर उशी धरल्यावर येतो तसा आवाज आला.

"हसतेस तू?"

"नाही हो, ठसका लागला." पुन्हा उशी. "अहो, कुणाची तरी कात्री घ्या आणि कापून टाका."

"सील आहे ते!"

"बरं. मग जपा त्याला."

कात्री समोरच्या टेबलावर होती. हात लांब केला तर मिळाली असती. पण याच हाताने त्यांनी सील तोडणाऱ्या शेकडो दुकानदारांवर कारवाई केली होती. एकजण हात जोडून म्हणाला होता, साहेब, उंदराने कुरतडलं. निरीक्षक म्हणाले होते, उंदराला घेऊन ये. त्यांनी कात्रीकडे पाठ फिरवली आणि उभे राहिले. पुन्हा बसण्यासारखी परिस्थिती नव्हती.

चार वाजता त्यांना आत बोलावलं. लांब टेबलामागे अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडे एक सदस्य बाई, डावीकडे गुण लिहिणारे एक सदस्य.

"बसा."

"उभाच बरा आहे."

"पाणी घेणार?"

"नको!"

अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. "निरीक्षकाच्या अंगी कुठला गुण हवा?"

"धीर."

"आणि कामात सगळ्यात महत्त्वाचं काय?"

"वेळ."

"तुम्हाला हे पद किती निकडीचं वाटतं?"

"सगळंच निकडीचं आहे, साहेब."

सदस्यांनी भराभर लिहिलं. सहा उमेदवारांनी प्रत्येकी वीस मिनिटं भाषणं केली होती. असं नेमकं बोलणारा हा पहिलाच. खूश होऊन अध्यक्ष स्वतः उठले, एक तराजू हातात घेऊन टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि म्हणाले, "आता सांगा बरं, यात काय चूक दिसते?"

निरीक्षकांनी पाहिलं. तराजू बरोबर होता. चूक तराजूच्या मागे होती. अध्यक्षांची चेन.

त्यांनी सदस्य बाईंकडे पाहिलं. बाई पंख्याकडे पाहत होत्या. गुण लिहिणारे सदस्यही पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता. निरीक्षकांना काचेच्या हंडीखालचा किलो आठवला आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण सव्वीस वर्षांची सवय, त्यात शरीराची ती अवस्था. एकाच वेळी किती गोष्टी आवरून धरायच्या?

"साहेब," ते म्हणाले, "चेन. सतरापैकी सतरा."

खोलीत इतकी शांतता झाली, की चेन वर गेल्याचा आवाज शेवटच्या दातापर्यंत ऐकू आला.

"कधीपासून होती?" अध्यक्षांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही," सदस्य बाई म्हणाल्या.

"दोनपासून सहा उमेदवार येऊन गेले. सहाही जणांना मी हा तराजू दाखवला."

"सहाही जणांचं वागणं चांगलं होतं," दुसरे सदस्य म्हणाले.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. निरीक्षकांनी आपलं सील दाखवलं आणि नम्रपणे निवेदन केलं, की अध्यक्ष हे सक्षम अधिकारी आहेत, सदस्य दोन आहेत, म्हणजे साक्षीदार दोन आहेत, आणि उशीर करून चालण्यासारखं नाही. समितीने नियम उघडून पाहिला. नियम होता. पंचनाम्याला एकोणीस मिनिटं लागली, कारण तीन प्रती आणि कार्बन एकच. 'सील अखंड व सुस्पष्ट आढळले. धारक उभा. धारकाचा रंग बदललेला.' त्या एकोणीस मिनिटांत निरीक्षकांनी जे केलं त्याला जुन्या लोकांत तप म्हणत. शेवटी सदस्य बाईंच्या पर्समधल्या नेलकटरने तार तुटली. पुढचा व्हरांडा त्यांनी किती सेकंदांत ओलांडला याची नोंद नाही, कारण नोंद करणारे तेच होते.

आठवड्याने निकालाचं पत्र आलं. सचोटी: शंभरपैकी शंभर. नियमांचं ज्ञान: शंभरपैकी शंभर. संयम: शंभरपैकी शंभर, समितीने प्रत्यक्ष पाहिला. समंजसपणा: शून्य. खाली शेरा होता: 'उमेदवाराची निरीक्षणशक्ती पदाच्या गरजेपेक्षा जास्त आढळली. सबब निवड करता येत नाही.'

पद चौथ्या उमेदवाराला मिळालं. त्यांनी मुलाखतभर पंख्याकडे पाहिलं होतं आणि जाताना 'याला तेल घाला' असं सुचवलं होतं. पहिल्याच दिवशी ते आतल्या खोलीत गेले, हंडी बाजूला केली, मूळ किलो मुठीत घेतला, दोनदा खालीवर केला आणि म्हणाले, "असेल किलोभर."

निरीक्षक दाराच्या फटीशी उभे होते. त्यांचे डोळे तिसऱ्यांदा भरून आले.

"सांगायलाच हवं होतं का हो तुम्ही?" त्या दिवशी बायकोने हळूच विचारलं.

"दिसलं गं."

"दिसतं सगळ्यांनाच."

निरीक्षकांनी यावर विचार केला. पँटला त्यांनी नवी चेन बसवून घेतली. (पंधरा मिनिटं लागली, पंधरा दिवसांनी.) आणि एक नेम धरला, जो ते रोज न चुकता पाळतात: दिसलं तर लिहायचं, सांगायचं नाही. गेल्या अकरा महिन्यांत त्यांच्या वहीत चारशे अठरा नोंदी झाल्या आहेत. नावं ठाऊक नसल्यामुळे, चेन उघडी असताना माणूस काय करत होता, तेवढंच लिहिलेलं आहे. रांगेत भांडत असलेले सत्तेचाळीस. भाषण देत असलेले एकतीस. दुसऱ्याला शिस्त शिकवत असलेले ब्याण्णव. पण सगळ्यात मोठा गट, एकशे त्रेसष्ट, काहीतरी वाचत असलेल्यांचा आहे. वाचनालयात, बाकावर, घराच्या खिडकीशी. त्यांच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात निरीक्षकांच्या सुवाच्य अक्षरात एकच वाक्य आहे: 'इसम दुसऱ्याच्या फजितीला हसत होता. व्यत्यय आणला नाही.'